पट्ट्यांचा रंग गाडीवर उडाला तर

महोदय,

पावसाळा सरला की रस्त्यांवर पांढरे-पिवळे पट्टे मारायची कामे निघतात. ओल्या पट्ट्यावरून गेलेल्या गाडीच्या चाकांमागे आणि दारांच्या खालच्या कडेला शिंतोडे बसतात. ते कोरड्या फडक्याने घासू नयेत. रात्री पट्टा चमकावा म्हणून त्यात काचेचे बारीक मणी असतात, ते सँडपेपरसारखे क्लिअरकोट (गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर) ओरबाडतात.

रंग ओला असतानाच प्रेशरच्या पाण्याने उडवला तर बहुतेक निघून जातो. वाळला असेल तर व्हॅसलीनचा जाड थर देऊन रात्रभर ठेवावा. सकाळी मऊ झालेला रंग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने, कार्ड जवळपास आडवे धरून, उचलावा आणि कार शाम्पूने धुवावे. उरलेल्या ठिपक्यांवर शाम्पूपाणी मारत क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हाताने फिरवावा, शेवटी वॅक्स.

थर्मोप्लास्टिकचा पट्टा मात्र सुमारे २०० अंशांना वितळवून टाकतात. त्याचा थेंब थंड झाला की खड्यासारखा बसतो. तो हेअर ड्रायरने नरम करून मगच सोडवावा.

गॅरेजवाले सर्रास थिनरचा बोळा फिरवतात. कंपनीच्या रंगावर एखाद्या वेळी निभावते, पण पुन्हा रंगवलेले पॅनेल आणि चाकावरचे प्लास्टिक त्याने खराब होते. व्हॅसलीन ब्रेक डिस्कला लागू देऊ नये.

ठेकेदारांनी पट्टा सुकेपर्यंत शंकू हलवले नाहीत, तर हा उपद्व्याप करावाच लागणार नाही.

– एक वाचक, पुणे