आरोग्यमंत्री महोदय, माझ्या मणक्यातला डाग ओळखायचा कोणी?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

कॅन्सर शरीरात कुठे आहे ते शोधणाऱ्या पेट-सीटी स्कॅनसाठी मी केलेल्या अर्जाला काल तुमच्या खात्याचं उत्तर आलं. एकच ओळ : 'सीटी व बोन स्कॅन झालेले असल्याने विनंती अमान्य.' महोदय, ते दोन्ही होऊनही काही कळलं नाही, म्हणूनच तर हा अर्ज केला होता!

चार वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. केमो झाली, रेडिएशन झालं, गोळ्या अजून चालू आहेत. यंदा पाठ दुखायला लागली, रक्तातलं सीए १५-३, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा माग ठेवणारं प्रथिन, वाढलं. आजार परतलाय का, कुठवर गेलाय, हे बघायला डॉक्टरांनी आधी पेट-सीटीच लिहिली होती. मंजुरी मिळेना, म्हणून बाकीचे दोन स्कॅन करून घेतले. मणक्यावर एक डाग निघाला. रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय, 'क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक', म्हणजे नुसत्या स्कॅनवरून सांगता येत नाही, पेशंटची लक्षणं आणि तपासणी यांच्याशी ताडून बघा. या तीन शब्दांनी माझी झोप उडवली आहे.

बोन स्कॅनसाठी टोचतात ते टेक्निशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य कॅन्सरची पेशी ओळखत नाही. जिथे नवीन हाड घडतंय तिथे ते साचतं. त्यामुळे झीज, जुना मार, कॅन्सर, सगळ्याचा डाग काळाच. औषध लागू पडून हाड भरत असलं तरी तो गडद होतो. सीटीत आकार दिसतो, पण गाठ जिवंत आहे की नाही ते समजत नाही. पेटमध्ये टोचलेली किरणोत्सर्गी साखर कॅन्सरच्या जिवंत पेशी ओढून घेतात आणि सोबतच्या सीटीवर नेमकी जागा सापडते. पेटलाही सगळं दिसत नाही, हे मी जाणते. मेंदू स्वतःच साखर खातो, तिथे एमआरआय लागतो. स्तनातल्या दूधग्रंथींत सुरू होणारा लोब्युलर कॅन्सर कधीकधी निसटतो. नुसती सूजही चमकते, म्हणून शेवटी तुकडा काढून तपासावाच लागतो. पण सुई कुठे घालायची, हे तरी कळू द्या!

कॅन्सरच्या तपासण्यांना आठ दिवसांत मंजुरी देऊ, असं तुम्ही सभागृहात सांगितलं होतं. माझे ४३ दिवस गेले. पेटच्या त्या साखरेला जोडलेलं किरणोत्सर्गी फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, त्याची वेळ पाळायला माणसं धावतात. माझ्या वेळेसाठी कोण धावलं?

कोणता स्कॅन करायचा ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. नाकारायचं असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरने कारण लिहून खाली सही करावी. आणि पुढे औषध लागू पडतंय का हे बघताना पुन्हा तोच स्कॅन मिळावा, नाहीतर तुलना कशाशी करायची?

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती लावून तुम्ही सगळे 'लवकर तपासा' म्हणता. मी लवकरच तपासलं होतं. पण आजार ज्यांच्याकडे परत येतो, त्या बायकांसाठी या व्यवस्थेत खिडकीच नाही. या टेबलावरून त्या टेबलावर फाइल फिरते, आणि पेशंटला एकदाही न बघितलेला माणूस 'अमान्य' लिहून मोकळा होतो.

उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मंजुरी आली का, असं ते विचारतील. तुमची ती एक ओळ मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे.

आपली,
एक रुग्ण