स्मार्टफोनशिवाय संसार चालवताना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

स्मार्टफोन सोडून बटणांचा साधा फोन वापरण्याचे तू ठरवले आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. मुले समोर बोलत असताना आपले लक्ष पडद्याकडे जाते, हे तू लिहिलेले कारण मला पुरेसे वाटते. मात्र दोन लहान मुलांचे घर आणि दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हा निर्णय टिकवायचा, तर त्याची तयारी आधी करावी लागेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. एकाने स्मार्टफोन सोडला म्हणून त्यावरची कामे संपत नाहीत. घरात ज्याच्याकडे तो असतो, त्याच्या अंगावर ती नकळत येऊन पडतात. शाळेच्या ग्रुपवरची सूचना निखिलने वाचायची, डॉक्टरांची वेळ त्यानेच घ्यायची आणि रस्ताही त्यानेच शोधायचा, असे होऊ लागले तर तुला मिळालेला निवांतपणा त्याच्या वेळातून वजा झालेला असेल. म्हणून आज फोनवर तू जी जी कामे करतेस, ती एका कागदावर लिही आणि प्रत्येकासमोर ते काम उद्यापासून तू स्वतः कसे करणार, हेही लिही. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथे निखिलशी उघडपणे बोल आणि त्याच्या बदल्यात त्याचे एखादे काम आपल्याकडे घे.

शाळेपासून सुरुवात कर. सूचना ईमेलने किंवा साध्या एसएमएसने मिळाव्यात, असे वर्गशिक्षकांना लेखी कळव. ईमेल घरच्या संगणकावर सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी पाहत जा. स्मार्टफोन कपाटात ठेवून व्हॉट्सॲप केवळ संगणकावर चालवण्याचा विचार असेल, तर मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही की जोडलेला संगणक खात्यातून आपोआप बाहेर काढला (लॉगआउट केला) जातो, हे ध्यानात असू दे.

बँकेचे काम सर्वांत किचकट आहे. एसएमएसने येणारा ओटीपी साध्या फोनवरही येतो. पण काही बँका व्यवहाराची मंजुरी केवळ आपल्या ॲपमधून मागतात. तुझ्या बँकेत त्याला दुसरा काही पर्याय आहे का, हे ॲप बंद करण्यापूर्वी विचारून घे. ईमेलसारख्या खात्यांसाठी दर 30 सेकंदांनी बदलणारा जो सहा अंकी कोड तू वापरतेस, तो खाते जोडताना ॲपमध्ये साठवलेली गुप्त किल्ली (एक लांब कोड) आणि घड्याळाची वेळ यांवरून तयार होतो. त्याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, त्यामुळे संगणकावरचा प्रोग्रामही तो देऊ शकतो. ही किल्ली जुना फोन हाताशी असतानाच संगणकावर हलव आणि नेहमीचा कोड मिळाला नाही तर खाते उघडून देणारे आणीबाणीचे कोड कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेव.

नवा फोन घेताना स्वस्त आहे म्हणून केवळ 2जीवर चालणारा घेऊ नकोस. अनेक देशांत 2जी आणि 3जी सेवा बंद झाल्या आहेत किंवा होत आहेत. 4जी आणि व्हीओएलटीई (4जी नेटवर्कवरूनच कॉल करण्याची सोय) असलेलेही साधे फोन मिळतात. एसएमएसबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो. रोमन लिपीत एका संदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र 70 जागाच मिळतात आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘मुलांना’ एवढ्या शब्दालाच सात जागा लागतात. त्यामुळे निरोप मोजका लिहावा आणि बोलण्यासारखे काही असेल तर सरळ फोन करावा.

बाहेर पडल्यावर वाटेत ठरवू म्हणण्याची सोय आता राहणार नाही. भेटण्याची जागा आणि वेळ यांबरोबरच, कोणी आले नाही तर किती वेळ थांबायचे आणि नंतर कुठे जायचे, हेही घरातून निघण्यापूर्वी ठरलेले असावे. नव्या ठिकाणी जायचे असेल तर आदल्या रात्री संगणकावर रस्ता पाहून वळणे मोठ्या अक्षरांत लिहून घे. प्रत्येक वळणाअलीकडची एक खूण लिही आणि वळण चुकून पुढे गेल्यास काय दिसेल, तेही लिही. ही दुसरी खूण लोक लिहीत नाहीत, आणि नेमकी तीच उपयोगी पडते. तिकिटे छापून घेता येतील; फोटोंसाठी एखादा साधा कॅमेरा पुरे.

मुलांकडून तुम्हा दोघांचे नंबर तोंडपाठ करून घे आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ते लिहिलेले एक कार्ड ठेव. स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असे एकच कॅलेंडर लाव आणि ज्याचे काम असेल त्यानेच ते तिथे लिहावे, असा नियम कर. सगळ्यांचे सगळे एकट्या आईने लक्षात ठेवायचे, ही सवय त्यामुळे मोडेल.

एवढे करूनही एखादे काम स्मार्टफोनशिवाय होणारच नाही असे दिसले, तर घरात एक सामाईक स्मार्टफोन पूर्वीच्या लँडलाइनप्रमाणे एका जागी ठेवावा, असे मला वाटते. त्यात तुझा निर्णय मोडला असे मी मानणार नाही. बँकेकडून काय उत्तर येते ते मला कळव, आणि ते येईपर्यंत जुन्या फोनमधले काहीही पुसू नकोस.

निखिलला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा