गाऊन पाहिलं

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

दिवाळीला तू येऊन गेलीस आणि टीव्हीवर तुझं यूट्यूब तसंच चालू राहिलं. चार-पाच दिवसांपूर्वी मी मेथी निवडत बसले होते. अभंग संपला आणि त्यामागून आपोआप तुझं एक जपानी गाणं लागलं. मेथीच्या हातांनी रिमोट धरवेना, म्हणून राहू दिलं.

एक मुलगी गात होती, भयंकर भरभर. सवयीने मी ती दम कुठे घेते ते शोधायला लागले. क्लासात इतकी वर्षं मुलींना तेच सांगत आलेय, ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे चोरायचा. ही तो घेतच नव्हती. अख्खं कडवं झालं तरी नाही! मेथी तशीच राहिली. मग सुयशदादाला फोन केला, तेव्हा कळलं की ही तुझी हात्सुने मिकू.

त्यानंतर चार दिवस मी हेच वाचतेय आणि ऐकतेय. यामाहाचं व्होकलॉइड, म्हणजे संगणकाकडून गाऊन घ्यायचं सॉफ्टवेअर, आणि त्यावर साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ३१ ऑगस्ट २००७ला आणलेली ही मिकू. मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. तिने दिले ते आवाजाचे सुटे तुकडे. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मधे जो आवाज होतो, तोसुद्धा. मग गाणं करणाऱ्याने एकेक स्वर पडद्यावर मांडायचा, प्रत्येकाखाली अक्षर लिहायचं, आणि स्वर किती हलवायचा, कुठून घसरत आणायचा, हे सगळं हाताने ठरवायचं. मींड हाताने काढायची म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. आणि त्यांची अक्षरं लावलेली कशी, तर आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा! आपल्याच वर्णमालेचा क्रम, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे पोचलेला. मला इतका आनंद झाला की बाबांना झोपेतून उठवून सांगितलं.

एका संथ गाण्यात मात्र ओळीच्या आधी बारीकसा श्वास ऐकू आला. तीनदा मागे नेऊन ऐकला. जिला फुप्फुसंच नाहीत तिच्यासाठी कुणीतरी रात्री जागून तो श्वास तिथे आणून ठेवला होता.

मनू, तू दहावीत असताना असंच एक गाणं माझ्या कानाला लावलं होतंस. मी म्हणाले होते, “यात माणूस कुठे आहे?” तू काही न बोलता इअरफोन काढून घेतलास. त्याच वर्षी गॅदरिंगच्या आधी मी तुला म्हणाले होते की तुझा गळा गाण्याचा नाही. दोन्ही वेळा मी चुकले. दुसऱ्या वेळी जास्त.

कारण ही गाणी करणारी मुलं कोण होती, ते आता वाचलं. बहुतेक घरी एकटी बसून करणारी, चाल डोक्यात आहे पण गायला कुणी नाही अशी. डिसेंबर २००७मध्ये र्‍यो या टोपणनावाच्या एकाने ‘मेल्ट’ नावाचं गाणं निको निको डोगा या जपानी व्हिडिओ साइटवर ठेवलं. पहिल्या प्रेमातल्या मुलीचं साधं गाणं. ते ऐकून कितीतरी लोक आपापल्या आवाजात ते गायला लागले. त्या प्रकाराला जपानीत ‘उतात्ते मिता’ म्हणतात, म्हणजे ‘गाऊन पाहिलं’. शब्दाला शब्द! ‘गाऊन बघ’ हे मी रोज क्लासात म्हणते, तुला मात्र म्हटलं नाही.

केन्शी योनेझूचं तुला माहीतच असेल. आधी हाची नावाने मिकूकडून गाऊन घ्यायचा, मग २०१२ला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात गायला लागला. आणि तो वोवाका, ज्याच्या गाण्यात मी दम शोधत बसले होते, तोही पुढे स्वतः बँड काढून गायला. २०१९मध्ये गेला, अवघ्या ३१व्या वर्षी. त्याच्या आईचा विचार दोन दिवस मनातून जात नाहीये.

सुयशदादा बोलता बोलता म्हणाला, “काकू, मनूनेही दोन-तीन केलीयेत.” बाकी तो काही सांगेना. तुझा जुना लॅपटॉप इथेच कपाटात आहे, मी उघडलेला नाही. तुझ्या हातून मिळालं तरच ऐकेन. अपुरं असलं तरी चालेल.

पुढच्या शनिवारी येशील ना? कोणत्या पट्टीत आहे ते आधी कळव. पेटीचा भाता दुरुस्त करून आणलाय.

तुझी,
आई