दिग्बोई बघून आलो, मुंबई हायचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागं आपल्या रविवार पुरवणीत आसामच्या सहलीवर लेख आला होता. काझीरंगा, कामाख्या, माजुली, पुढं शिलाँग-चेरापुंजी, नेहमीचंच सगळं. लेख चांगला होता, तक्रार नाही, पण त्यात दिग्बोईचं नाव एकदाही आलं नाही म्हणून राहवेना आणि हे पत्र लिहायला बसलो. आपली मराठी मंडळी ग्रुप टूरनं पार दिब्रुगडपर्यंत जातात, चहाच्या मळ्यात फोटो काढतात आणि माघारी फिरतात, आणि तिथून गाडीनं दोनेक तासांवर, तिनसुकियाच्या पुढं, देशातल्या तेलधंद्याची सुरुवात झाली ते गाव आहे, तिथं पहिली विहीर जपून ठेवलेली आहे आणि तिच्याभोवती म्युझियम आहे, हे टूरवाल्यांच्या यादीत नसतंच. आम्ही गेलो ते सुद्धा माझ्या हट्टापायी. घरच्यांचं म्हणणं, तेलाच्या विहिरीत काय बघायचं.

तर काय बघायचं ते सांगतो.

दिग्बोई सेंटेनरी म्युझियममध्ये जुने पंप, बॉयलर, बोअरिंगची अवजारं असं लोखंड भरपूर आहे, आणि मुख्य म्हणजे विहीर नंबर एक. सप्टेंबर १८८९ मध्ये खणायला घेतली, नोव्हेंबर १८९० मध्ये पूर्ण झाली, खोली ६६२ फूट. मी तिथंच मोबाईलवर भागाकार केला, दिवसाला सरासरी दीड फूट पडतो! कारण तेव्हाचं बोअरिंग म्हणजे आपल्याकडं बोअरवेलची गाडी येऊन एका रात्रीत दोन-तीनशे फूट मारून जाते तसलं नव्हतं. लाकडी मनोरा उभा करायचा, दोराला जड पहारीसारखं अवजार टांगायचं, वाफेच्या इंजिनावर ते वर उचलायचं आणि सोडून द्यायचं, उचलायचं आणि सोडून द्यायचं, खाली दगडाचा भुगा झाला की तो पाणी घालून उपसायचा आणि पुन्हा सुरू. हे सगळं कुठं, तर घनदाट जंगलात, आसामच्या पावसात, सामान ओढायला हत्ती, आणि मलेरिया-काळाआजार आहेतच. एवढं करून विहिरीनं दिलं काय तर दिवसाला २०० गॅलन, म्हणजे नऊशे लिटरच्या आसपास. आजच्या हिशोबात पाण्याचा एक छोटा टँकर सुद्धा भरणार नाही.

हत्तीची गोष्ट तिथं प्रत्येक जण सांगतो. रेल्वेच्या कामावरचे हत्ती जंगलातून परत आले तर त्यांच्या पायांना काळं तेल लागलेलं, मग साहेब मजुराला ओरडला ‘डिग बॉय, डिग’, म्हणजे खण पोरा खण, आणि तेच गावाचं नाव पडलं. गोष्ट झकास आहे, लहान मुलांना फार आवडते, पण माझा काही तिच्यावर फारसा विश्वास बसत नाही. कारण या भागात नदीकाठी तेल झिरपतं ही गोष्ट ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८२५ मध्येच लिहून ठेवलेली होती, म्हणजे या हत्तीच्या गोष्टीच्या साठेक वर्षं आधी.

आणि माझ्या मते खरी गोष्ट तर हत्तीपेक्षा भारी आहे, ती माकुमची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाला तेल लागलं ते २७ ऑगस्ट १८५९ ला, साडेएकोणसत्तर फुटांवर, आणि तेलाच्या धंद्याचा जन्म तिथला असं जग मानतं. आता बघा, दिग्बोईच्या जवळच माकुमला कलकत्त्याच्या एका कंपनीच्या गुडइनफ नावाच्या साहेबानं बोअर मारला आणि २६ मार्च १८६७ ला ११८ फुटांवर तेल लागलं. ड्रेकनंतर बरोबर सात वर्षं सात महिने! पण ड्रेकचं नाव जगभर झालं आणि माकुम कुणाला माहीत सुद्धा नाही, का, तर तेल लागलं पण ते न्यायचं कसं? रस्ता नाही, रेल्वे नाही, चहूकडं जंगल. धंदा काही उभा राहिला नाही, प्रकरण तिथंच थंडावलं. मग आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी आली, तिला मुळात कोळसा आणि लाकूड हवं होतं, त्यासाठी तिनं १८८४ पर्यंत दिब्रुगडहून दिग्बोईजवळच्या मार्घेरिटाच्या बाजूला रूळ टाकले, आणि रूळ आल्यावर मग पाच वर्षांत त्याच कंपनीच्या डब्ल्यू. एल. लेक या इंजिनियरनं दिग्बोईला खणायला घेतलं. म्हणजे तेल आधीपासून होतंच, आधी पाहिजे होती ती रेल्वे. म्युझियममध्ये हे नीट लक्षात घेऊन फिरलं की तिथल्या रेल्वेच्या फोटोंकडं सुद्धा आपण वेगळ्या नजरेनं बघतो, नाहीतर लोक पंपासमोर सेल्फी काढून कँटीन शोधायला लागतात.

अजून एक. तेव्हा तेल कुणाला हवं होतं तर दिव्यासाठी घासलेट पाहिजे म्हणून. पेट्रोलला कोण विचारतंय, मोटारीच नव्हत्या. दिग्बोईच्या तेलात मेण भरपूर, त्यामुळं मेणाचा धंदा पण जोरात चालला. आधी १८९३ मध्ये मार्घेरिटाला छोटी रिफायनरी झाली, मग ११ डिसेंबर १९०१ ला दिग्बोईची सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. जवळजवळ सव्वाशे वर्षं! मालक बदलले, आसाम ऑइल कंपनी, मग बर्मा ऑइल, १९८१ पासून इंडियन ऑइल, पण कारखाना तिथंच. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा सरहद्दीवर आलेल्या तेव्हा इथल्या तेलाला किती महत्त्व असेल विचार करा, चीनला रसद पोचवायला युद्धात बांधलेला लेडो रोड इथून जवळच सुरू होतो. गावातच त्या युद्धातल्या सैनिकांचं स्मशान आहे, ते पण बघून या.

आपला माणूस पण आहे बरं का यात. वामनराव मेत्रे, भूगर्भशास्त्रज्ञ, याच आसाम ऑइल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पुढं पद्मभूषण मिळालं. किती मराठी माणसांना हे नाव माहीत आहे? मला स्वतःला जायच्या आधी शोधाशोध करताना कळलं. तसंच १९३९ चा दिग्बोईचा संप, त्यात गोळीबार झाला आणि कामगार मेले, ते पण वाचून गेलेलो. असं वाचून गेलात तर साहेबांच्या फोटोत मागं उभे असलेल्या माणसांकडं आपोआप लक्ष जातं.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे.

मी पनवेलचा. माझा भाचा ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या कामावर आहे, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरनं जातो. आमच्याकडं उरण-पनवेल पट्ट्यात असं एक तरी घर प्रत्येक आळीत सापडेल. मुंबईपासून १६० किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगनं, म्हणजे समुद्रात विहीर खणायच्या तरंगत्या यंत्रानं, तिथं तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, देशातलं सगळ्यात मोठं क्षेत्र हेच, पन्नास वर्षं होऊन गेली. एक रुपयाच्या नोटेवर मागच्या बाजूला त्याच रिगचं चित्र आहे, म्हणजे नोटेवर जागा मिळाली. पण शाळेतल्या पोराला घेऊन जायचं आणि दाखवायचं की बाबा समुद्रातून तेल असं काढतात, तर आपण त्याला न्यायचं कुठं? ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या १९५४-५५ पासूनच्या, त्या आपण ट्रॅफिकमध्ये अडकलो की गाडीच्या काचेतून बघतो, तेवढंच. आसाममधलं एक छोटं गाव आपली पहिली विहीर सांभाळून ठेवतं आणि मुंबईला हे जमू नये?

आणि करायचं झालं तर नुसतं गौरवाचं करू नका. २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो, दुसऱ्याच दिवशी २७ जुलैला मुंबई हायवर एक जहाज तेल काढायच्या प्लॅटफॉर्मला धडकलं, आग लागली, अख्खा प्लॅटफॉर्म गेला आणि २२ माणसं गेली, ते किती जणांना आठवतं? पुरात ती बातमीच बुडाली. त्या माणसांची नावं अशा ठिकाणी पहिल्या खोलीत लागली पाहिजेत, शेवटच्या कोपऱ्यात नाही. तिकडं आसाममध्ये २०२० ला बाघजानची तेल-वायूची विहीर पेटली होती, ती कित्येक महिने विझली नव्हती, तिनसुकियाकडं आमच्या ड्रायव्हरनं वाटेत सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच सांगितलं.

जागा, पैसा वगैरे मोठ्या लोकांनी बघावं. आपल्या पेपरनं एक करावं, सुरुवातीच्या बॅचचे ऑफशोअर कामगार आता सत्तरी-पंचाहत्तरीला आलेत, त्यांच्याकडं फोटो असतील, हेल्मेट, ओळखपत्रं, घरी पाठवलेली पत्रं असतील, ती पाठवा असं जाहीर आवाहन करा. भाच्याच्या पहिल्या सीनियरशी मी बोललोय, त्यांच्याकडं एक ट्रंकभर सामान आहे आणि ते द्यायला तयार आहेत, फक्त घ्यायला कुणी आलं पाहिजे. आपल्या कार्यालयातून कुणी येणार असेल तर पत्त्यासाठी मला कळवा, पत्र पाठवलेल्या पाकिटावर माझा नंबर आहे.

आपला,
एक जुना वाचक, पनवेल