चि. निनादला, एअरबॉक्सच्या ड्रॉइंगबद्दल

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू घरी बांधतोयस त्या विमानाच्या एअरबॉक्सचं, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा पोचवणाऱ्या डब्याचं, ड्रॉइंग मिळालं. रेघा स्वच्छ आहेत, मापं नीट दिली आहेस, पण सगळी बुद्धी रॅमवर, म्हणजे वेगामुळे समोरून घुसणाऱ्या हवेच्या दाबावर, खर्च करून बाकीचं उरकून टाकल्यासारखं वाटतं. रागावू नकोस. विमानांची इंजिनं खोलण्यात माझी उमर गेली, काऊलिंगखालचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखालचं, काही दिसलं की मला गप्प बसवत नाही.

आधी रॅमचा हिशोब. ताशी ३०० किलोमीटरने ८,००० फुटांवर उडताना समोरच्या हवेचा सगळाच्या सगळा दाब पदरात पडला, तरी तो होतो पाऱ्याचा जेमतेम १ इंच. त्या उंचीवर बाहेरचा दाब २२ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे कमाई फार तर साडेचार टक्के, तीही कागदावर. हीच हवा एक्झॉस्टजवळून फिरत आली आणि ३० अंशांनी तापली, तर पाचएक टक्के ताकद गेलीच. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाची हीच गत होती. सुरू केल्यावर काही सेकंद ते १६ हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचं, आत जाणारी हवा तापली की १२ वर यायचं. तेव्हा थंड हवा आधी बघ, रॅमचं मागून बघू.

तुझं लायकमिंग ओ-३२० आहे ५.२ लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणजे २,७०० आरपीएमला सेकंदाला साधारण १०० लिटर. क्रूझमध्ये, म्हणजे एका वेगाने सरळ उडताना, एवढ्याला १२ चौरस सेंटिमीटरचं तोंड पुरतं. पण टेकऑफ सुरू करताना विमान जागेवर असतं आणि इंजिन चहूबाजूंनी हवा खेचतं, म्हणून तोंड तिपटीएवढं ठेव आणि कडा जाड, गोल कर. मोठ्या तोंडासमोर हवा बाहेरच मंदावते आणि त्यात फारसं काही वाया जात नाही. आत मंदावायची तर नळी अगदी सावकाश रुंदावी लागते, एकूण कोन ७ अंशांच्या आसपास. तू २० दिलायस! तिथे हवा भिंत सोडणार, भोवरे होणार, आणि तुझा लाडका रॅम तिथेच संपणार.

खरं दुखणं मात्र पुढे आहे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडाला लागूनच काटकोनी वळण घेतलंयस. हवा पिळवटून आत शिरली की चार सिलिंडरांना मिश्रण सारखं मिळत नाही. एका सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) भलतीकडे जातो आणि माणूस प्लग, जेट बदलत बसतो. नळीवर कुणाचा संशयच जात नाही. मधे सरळ तुकडा ठेव. जागा नसेलच तर वळणात पत्र्याच्या पात्या घालतात, पण त्या हादऱ्यांनी तुटून आत जाणार नाहीत याची हमी तू देणार असशील तरच.

त्याहून महत्त्वाचं, फ्लोट बाउलचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचं, व्हेंट (हवेचं छिद्र). बाउलवर जो दाब आहे आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जो दाब आहे, ते दोन्ही जुळलेले हवेत. पेट्रोल किती वर चढायचं ते बाउल आणि व्हेंचुरी (कार्ब्युरेटरमधला अरुंद गळा) यांच्या दाबातल्या फरकावरच ठरतं. बाउलचा दाब तोंडापेक्षा कमी पडला की मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. फुल थ्रॉटलला, चढताना, सिलिंडर तापलेले असताना पातळ मिश्रण म्हणजे काय ते तुला सांगायला नको. व्हेंटचं छिद्र भोवऱ्यात येऊ देऊ नकोस, गॅस्केटखाली दडू देऊ नकोस. ड्रॉइंगमध्ये ते दाखवलेलंच नाही.

आता कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय. व्हेंचुरीत हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते, आणि तापमान २० अंश किंवा त्याहूनही जास्त घसरतं. म्हणून बाहेर छान ऊब असली तरी दमट हवेत आत बर्फ धरतो. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांसाठी जुना अमेरिकी नियम होता: व्हेंचुरी कार्ब्युरेटर असेल तर बाहेर उणे १ अंश असताना, ७५ टक्के ताकदीवर, हवा ५० अंशांनी तापली पाहिजे. घरी बांधलेल्या विमानाला तो लागू नाही, पण तू तोच धर. एक्झॉस्टभोवती एवढीशी पट्टी गुंडाळून तेवढी उष्णता मिळणार नाही, पुरतं कवच लागेल. आणि ही गरम हवा फिल्टरमधून येत नाही, तेव्हा धुळीच्या धावपट्टीवर चाचणीपुरतीच तिची झडप उघड.

झडपेवरून आठवलं. तिच्या दांड्यावर साधा नट दाखवलायस, तोही फिल्टरनंतर. तिथे जे काही सुटेल त्याला जायला एकच वाट आहे, सरळ इंजिनात. दांड्याची टोकं डब्याबाहेर काढ, नटाला बाहेरच लॉकवायर (नट सुटू न देणारी तार) मार, आणि झडप दांड्याला भरीव रिव्हेटने जोड. पॉप रिव्हेट नको, त्याची मधली काडीसुद्धा कधीकधी सुटून येते.

बाकी थोडक्यात. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचं छिद्र हवंच. प्रायमिंग (सुरू करण्याआधी पेट्रोल सोडणं) जास्त झालं की पेट्रोल खाली टपकतं, ते साठलं आणि बॅकफायर झाला तर आगच. डबा कार्ब्युरेटरला लटकतो आणि इंजिनाबरोबर हलतो, काऊलिंग मात्र स्थिर असतं, म्हणून दोघांच्या मधे लवचीक सील लागेल. नळी दुपदरी, आतून गुळगुळीत घे. मात्र तिचा आतला पदर सुटला तर बाहेरून दिसतही नाही.

उडल्यावर रॅम मोजायला वेगळं यंत्र नको. ठरलेल्या उंचीवर फुल थ्रॉटल देऊन मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा वाच, फिल्टर असताना आणि नसताना. फिल्टर काढून उडायचं ते स्वच्छ हवेत आणि तेवढ्याच चाचणीपुरतं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टरने खाल्लेला दाब. तो फार असेल तर फिल्टर काढून टाकू नकोस, मोठा बसव.

फायबर चढवायच्या आधी दुरुस्त ड्रॉइंग पाठव, आणि त्यात बाउलच्या व्हेंटची जागा दाखव.

तुझी,
आई