उशीखालचा पाव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा ब्रिटनमधून फोनवर तू तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या त्या पंच्याऐंशीच्या आजींचं सांगितलंस. जेवणातला पावाचा तुकडा रोज कागदात गुंडाळून उशीखाली ठेवतात, आणि तू तो काढलास की कावऱ्याबावऱ्या होतात. "आई, एवढ्या श्रीमंत देशात हे कुठून आलं गं?" असं म्हणालीस आणि ड्यूटीवर पळालीस. तेव्हापासून त्या आजी माझ्या मनातून जात नाहीत.

अगं, तो देश तेव्हा श्रीमंत नव्हता. १९४५ मध्ये त्यांनी दुसरं महायुद्ध जिंकलं, पण खजिना रिकामा होता. ऐन युद्धात पावाला कधी रेशन लागलं नव्हतं. ते लागलं जुलै १९४६ मध्ये, लढाई संपून वर्ष उलटल्यावर, आणि दोन वर्षं राहिलं. जगभर गव्हाचा तुटवडा होता, ताब्यात आलेल्या जर्मन मुलखातल्या लोकांनाही खाऊ घालायचं होतं आणि धान्य घ्यायला डॉलर नव्हते. तुझ्या वॉर्डातल्या आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. पाठोपाठ १९४७ चा भयंकर हिवाळा आला. कोळसा पोचेना, कारखाने बंद पडले. मटणाचं रेशन तर १९५४ पर्यंत चाललं. एप्रिल १९४९ मध्ये मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठवलं, तर दुकानं अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावं लागलं.

मला हे पुस्तकातून कळलं, पण समजलं ७२ च्या दुष्काळामुळे. मी आठ वर्षांची होते. कंट्रोलच्या दुकानापुढं आईबरोबर उभी राहायचे, आणि घरी मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लालसर भाकरी. आईनं पुढं सुगीच्या दिवसांतही ज्वारीचा डबा कधी तळापर्यंत रिकामा होऊ दिला नाही. पसाभर दाणे राहिलेच पाहिजेत. म्हणून सांगते, शिळा तुकडा काढावाच लागला तर त्यांच्या देखत काढ आणि तिथं ताजा ठेव.

आता मला खरं सांगायचंय ते हे. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर कर्ज काढून घर चालवत असताना (त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला, तुझ्या डोळ्यांदेखत म्हण ना!) त्या लोकांनी ठरवलं की दवाखान्यात कुणालाच पैसे मागायचे नाहीत. ५ जुलै १९४८ ला तुझी एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याच्या गावात कामगार वर्गणी काढून आपला डॉक्टर ठेवत, तेच त्यानं देशभर नेलं. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता, तरी नेलं.

आणि दारं उघडल्यावर आल्या कोण? बायका. जुना सरकारी विमा कमावत्या माणसाचा होता, त्याच्या घरच्या बाईचा नव्हे. अंग बाहेर आलेलं, दात किडलेले, डोळ्यांनी धड दिसत नाही, असं सगळं वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. चष्म्यांचा आणि कवळ्यांचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढं गेला. १९५१ मध्ये त्यांवर पैसे आकारायचं ठरलं, तेव्हा बेव्हननं मंत्रिपद सोडलं. मला त्याचं बरोबर वाटतं. या सगळ्याच्या आधीच, १९४६ मध्ये, दुसऱ्या मुलापासून पुढं दर मुलामागं आठवड्याला पाच शिलिंग भत्ता सुरू झाला. तो बापाच्या नव्हे, आईच्या हातात पडावा म्हणून एलिनॉर रॅथबोन पार्लमेंटात झगडली. १९४५ मध्ये कायदा झाला, पण ऑगस्ट १९४६ मध्ये पैसे सुरू व्हायच्या आधीच ती गेली. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

मात्र त्यांच्या त्यागाचं कौतुक ऐकशील तेव्हा हेही लक्षात ठेव. युद्धासाठी त्यांनी हिंदुस्थानातून धान्य, कापड, माणसं उचलली, आणि त्यापोटी शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं शेवटी आपलं निघत होतं. ते हप्त्याहप्त्यानं मिळालं. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली, त्यांना काहीच परत मिळालं नाही. त्या आजींचा यात काय दोष? पण हिशेब पुरा सांगायला हवा.

एनएचएसला पहिल्यापासून परिचारिका कमीच पडायच्या. आयर्लंडहून, कॅरिबियन बेटांवरून मुली आणल्या. त्यांच्याच ओळीत आज तू उभी आहेस, आमच्या मिरजेची पोर. पाय दुखतात म्हणालीस, रात्री कोमट पाण्यात मीठ घालून बुडवून बस.

आणि त्या आजींना माझ्यातर्फे एक प्रश्न विचार. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन कायमचं उठलं, तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या असणार. त्या दिवशी दुकानातून त्यांनी काय घेतलं होतं? आठवत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तेच आणून दे. पैसे मी पाठवते.

तुझी,
आई