रिकॉलचे पत्र जाते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घेताना काय काय पाहावे यावर लेख आला होता. टायर, मीटर, विमा, कर्जाचा बोजा, सगळे त्यात होते. रिकॉलचा, म्हणजे कारखान्यातला दोष काढून देण्यासाठी कंपनीने विकलेली गाडी परत बोलावण्याचा, मात्र शब्दही नव्हता, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी निवृत्त टर्नर. हयात लेथवर गेली. तरीही लेकीसाठी जुनी गाडी पाहायला गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला, ते कोमट लागले आणि मी गप्प बसलो. "आत्ताच पेट्रोल भरून आणली," असे मालक म्हणाले. गाडी पाहायची ती रात्रभर उभी असलेली, गार. सुरू झाल्यावर तेल वर चढेपर्यंतच्या त्या दोन-चार सेकंदांत झिजलेले भाग खडखडतात, सायलेन्सरमधून निळा धूर निघाला तर इंजिन तेल जाळते आहे हे कळते. हे मला ठाऊक होते. "उद्या सकाळी येतो, तोवर गाडीला हात लावू नका," एवढे म्हणायला हवे होते.

तीन महिन्यांनी हायवेवर ओव्हरटेक करताना ते इंजिन बंद पडले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा कडक. मागून ट्रक येत होता आणि मागच्या सीटवर माझा नातू झोपलेला होता. लेकीने जीव खाऊन गाडी कडेला घेतली.

गॅरेजमध्ये तेल काढले तेव्हा मी ते बोटावर घेऊन उन्हात धरले. अभ्रकाचा चुरा मिसळावा तसे ते चमचमत होते. तो बेअरिंगचा कीस होता. मग सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबर टाकला आणि मिनिटभरात उत्तर आले: याच दोषासाठी कंपनीने चार वर्षांपूर्वी ही गाडी परत बोलावली होती. पत्र गेले होते पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर. त्यानंतर गाडी दोनदा विकली गेली आणि ते पत्र कोणाच्याच हाती लागले नाही. कंपनीने इंजिन फुकट बदलून दिले, हेही सांगायला हवे. पण तो ट्रक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

असे दोष गाडीच्या वापरातून येत नाहीत, ते कारखान्यातच राहून जातात. आमची गाडी वेगळ्या कंपनीची, पण सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत ह्युंदाईने 2011 आणि 2012 च्या सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, त्या अशाच कारणाने. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, तेलासाठी भोके पाडताना मागे राहिलेला धातूचा कीस नीट निघाला नव्हता. तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला या दांड्याशी जोडणाऱ्या भागाच्या) बेअरिंगकडे जाणारे तेल अडवतो. मग धातू धातूवर घासतो, इंजिन ठकठक वाजू लागते आणि एक दिवस चालत्या गाडीत बंद पडते. भोक पाडल्यावर त्याची कड साफ करणे हे काम किती कंटाळवाणे असते ते मी जाणतो. म्हणूनच ते राहून जाते.

चॅसी नंबर 17 अक्षरा-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, 1 आणि 0 शी गल्लत होऊ नये म्हणून. तो कागदावरून उतरवू नका. गाडीवर कोरलेला वाचा आणि मग कागदाशी ताडून पाहा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तो द्या आणि दोन गोष्टी विचारा: रिकॉल आहे का, आणि असल्यास काम झाल्याची नोंद आहे का. "ते केव्हाच करून घेतले," या तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला, तर तेलात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, उतरत असल्याची शंका घ्या. स्कॅनर लावणाऱ्या मेकॅनिकला, गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडांचे कोड नुकतेच पुसलेत का, हेही बघायला सांगा. पुसलेले असले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात.

आपल्या अंकात जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात. त्यांत वर्ष, रंग आणि किलोमीटर असतात. त्याच ओळीत "रिकॉल तपासला: हो / नाही" एवढे चार शब्द सक्तीचे करावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त टर्नर